कंबर, गुडघा आणि ‘मणक्यातला गॅप’



वर्षावासात आमच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असते. वाचन संपून वंदना झाली की सगळे उठतात. तेव्हा मी जरा मागे थांबून बघते. तरुण पोरी पटकन उठून चपला शोधायला लागतात. चाळिशीच्या पुढच्या बाया मात्र एका दमात उठत नाहीत. कुणी आधी गुडघ्यावर हात देते, कुणी शेजारणीच्या खांद्याला धरते, कुणी भिंतीकडे सरकत जाते. उठल्यावर दोन-तीन पावले वाकूनच पडतात आणि मग कंबर सरळ होते.

एका मावशीला मी विचारले, “मावशी, कधीपासून दुखतंय?”

“काय सांगू बाई, मागच्या साली सोयाबीन कापायला गेले तवापासून. फोटो काढला. मणक्यात गॅप पडलाय म्हणले. आता काय, गॅप का भरून येतोय व्हय?”

त्यांच्या बोलण्यात दुखण्याइतकीच भीती होती. आता आपण कायमच्या गेलो, मजुरी संपली, सुनेवर भार पडणार, ही ती भीती. म्हणून या अंकात कंबर, पाठ, मान आणि गुडघे यांच्या दुखण्याबद्दल लिहायचे ठरवले. हा लेख घरात मोठ्याने वाचा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा, कारण हे दुखणे बहुतेक त्यांनाच आहे.

आपल्याच महाराष्ट्रात झालेली मोजणी

‘वय झालं की दुखायचंच’ असे म्हणून आपण हे दुखणे सोडून देतो. सरकारी दवाखान्यातही ताप, जुलाब, बाळंतपण, बीपी आणि शुगर यांची नोंद होते. कंबरदुखीची कुणी फारशी मोजणी करत नाही. पण आपल्या राज्यात एकदा ही मोजणी नीट झाली आहे आणि ती जगभर वाचली गेली.

पुणे जिल्ह्यात इंदापूर तालुक्यात भिगवण नावाचे गाव आहे. पुणे-सोलापूर रस्त्यावर, उजनी धरणाच्या पाण्याजवळ. १९९६ साली पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या गावात घरोघर जाऊन पाहणी केली. जागतिक आरोग्य संघटना आणि संधिवाताच्या डॉक्टरांची जागतिक संघटना यांनी १९८१ साली ‘कॉपकॉर्ड’ नावाचा कार्यक्रम सुरू केला होता. गरीब देशांत महागड्या मशिनी न वापरता, लोकांच्या दारात जाऊन हाडा-सांध्यांची दुखणी मोजायची, हा त्याचा हेतू. भिगवणची पाहणी त्याच पद्धतीने झाली.

काम कसे चालले ते समजून घ्या. आधी गावातल्याच स्वयंसेवकांना शिकवले गेले. ते प्रत्येक घरी गेले आणि विचारले : कुठे दुखते का, सूज आहे का, आखडते का? ज्यांनी हो म्हटले त्यांची पुढची सविस्तर माहिती घेतली. मग डॉक्टरांनी त्यांना स्वतः तपासले. म्हणजे दवाखान्यात कोण येते याची वाट न बघता दवाखानाच दारात गेला.

चार हजारांहून थोड्या अधिक प्रौढ माणसांना विचारले गेले. त्यांतल्या दर शंभरांत सुमारे अठरा जणांना हाडे, सांधे किंवा स्नायूंचे दुखणे निघाले. गुडघा आणि कंबर या दोन जागा सगळ्यांत पुढे होत्या. पुरुषांपेक्षा बायांमध्ये प्रमाण जास्त होते.

या अठरा जणांना नेमके काय झाले होते, हा त्यापुढचा महत्त्वाचा भाग. गुडघ्याची वगैरे झीज दर शंभर प्रौढांत सहाच्या आसपास लोकांत होती. ज्याला आपण आमवात म्हणतो, म्हणजे हातापायांचे लहान सांधे सुजवून वाकडे करणारा खरा संधिवात, तो हजार माणसांत पाचच्या आसपास निघाला. राहिलेल्यांचा मोठा गट होता स्नायू, शिरा, सांध्याभोवतीचे मऊ भाग दुखणाऱ्यांचा, आणि ज्यांचे दुखणे खरे आहे पण एका कुठल्या रोगाच्या नावात बसत नाही अशांचा.

यातून आपल्यासाठी दोन गोष्टी निघतात. पहिली, हे दुखणे खरे आहे आणि फार लोकांना आहे; कुणी कामचुकारपणा करत नाही. दुसरी, बहुतेकांचे दुखणे हाड मोडल्याचे, मणका गेल्याचे किंवा लुळे करणारे नसते. थोड्या लोकांचे मात्र तसे असते, आणि त्यांना वेळेत ओळखावे लागते.

डेन्मार्कचे संशोधक काय सांगतात?

आता जरा लांब जाऊ. युरोपात डेन्मार्क नावाचा छोटा देश आहे. तिथल्या दक्षिण डेन्मार्क विद्यापीठात यान हार्टविगसेन नावाचे प्राध्यापक आहेत. ते शिक्षणाने कायरोप्रॅक्टर आहेत. कायरोप्रॅक्टर म्हणजे हाताने मणके आणि सांधे हलवून, दाबून उपचार करणारा. मोबाईलवर तुम्ही ते व्हिडिओ बघितले असतील. माणसाची मान धरून एकदम फिरवतात, ‘कट्’ आवाज येतो आणि तो माणूस हसत उठतो.

ही पद्धत १८९५ साली अमेरिकेत डॅनियल पामर नावाच्या माणसाने सुरू केली. मणका जागेवरून हलल्यामुळे जवळजवळ सगळे रोग होतात, असा त्याचा दावा होता. तो दावा खरा ठरला नाही. पण डेन्मार्कमध्ये पुढे हे शिक्षण विद्यापीठात आले आणि हार्टविगसेन यांच्यासारख्यांनी गुरूने सांगितले म्हणून मान्य न करता स्वतःच्या धंद्याचीच तपासणी सुरू केली. कंबर का दुखते, कशाने बरे वाटते, कशाने नुसते पैसे जातात, हे त्यांनी मोजायला घेतले.

२०१८ साली ‘लॅन्सेट’ या जगातल्या मोठ्या वैद्यकीय मासिकात कंबरदुखीवर अनेक देशांच्या तज्ज्ञांनी मिळून लेखमाला लिहिली. तिच्यातल्या एका लेखाचे पहिले लेखक हार्टविगसेन होते. त्यांनी लिहिलेले मी सोप्या भाषेत मांडते :

जगात कोणत्याही एका वेळी सुमारे ५४ कोटी लोकांची कंबर दुखत असते. माणसाला कामापासून अडवणाऱ्या कारणांत कंबरदुखी जगात पहिल्या नंबरवर आहे.

बहुतेकांच्या कंबरदुखीला एक्स-रे किंवा एमआरआयमध्ये बोट ठेवून दाखवता येईल असे एकच कारण सापडत नाही. हाड मोडणे, जंतुसंसर्ग, कॅन्सर अशी कारणे थोड्यांमध्येच असतात.

दुखणे फक्त मणक्यातून येत नाही. अंगमेहनतीचे काम, गरिबी, झोप न होणे, काळजी, ‘आता आपले काही खरे नाही’ ही भीती, या सगळ्यांनी दुखणे वाढते आणि लांबते.

आणि उपचार उलटे होत आहेत. पडून राहायला सांगणे, गरज नसताना फोटो काढणे, जोराच्या गोळ्या-इंजेक्शने देणे आणि लवकर ऑपरेशन करणे, हे सगळे गरजेपेक्षा जास्त चालते. चालते-फिरते राहणे, नीट समजावून सांगणे आणि व्यायाम, हे स्वस्त उपाय मागे पडतात.

डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही जुनाट कंबरदुखीबद्दल मार्गदर्शन दिले. त्यातही व्यायाम, समजावून सांगणे, काही हाताचे उपचार आणि मसाज यांना जागा आहे. कंबरेचे पट्टे, वजन लावून कंबर ओढणे आणि अफूच्या जातीच्या वेदनाशामक गोळ्या नेहमीच्या उपचारात वापरू नका, असे त्यात म्हटले आहे.

मग मणके दाबण्याच्या उपचाराने काय होते? शिकलेल्या माणसाने केले तर काहींना थोडा आराम पडतो, साधारण व्यायामाने पडतो तेवढाच. मणका ‘जागेवर बसत’ नाही. तो ‘कट्’ आवाज सांध्यातल्या पाण्यात हवेचा बुडबुडा झाल्याचा असतो; बोटे मोडताना येतो तसा. आणि मानेला एकदम झटका देण्याने क्वचित मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटून लकवा होऊ शकतो. म्हणून व्हिडिओ बघून घरच्या पोराकडून किंवा न्हाव्याकडून मान मोडून घेऊ नका.

‘गॅप’ म्हणजे काय?

आपल्या पाठीत एकावर एक असे मणके असतात. दोन मणक्यांच्या मध्ये रबरासारखी गादी असते. वय वाढते तशी त्या गादीतले पाणी कमी होते, ती थोडी चपटी होते, कधी बाजूला फुगते. फोटोत हे दिसले की कागदावर इंग्रजीत लिहून येते आणि आपल्यापर्यंत ‘गॅप पडला’, ‘गादी सरकली’, ‘नस दबली’ असे शब्द पोहोचतात.

आता हे ऐका. ज्यांची कंबर कधीच दुखत नाही अशा हजारो लोकांचे फोटो तपासलेल्या अभ्यासांचा एकत्र हिशोब २०१५ साली प्रसिद्ध झाला. पन्नाशीतल्या, काहीही न दुखणाऱ्या दर शंभर माणसांत सुमारे ऐंशी जणांच्या गादीत झीज दिसली आणि साठ जणांची गादी फुगलेली दिसली. विशीतल्या तरुणांतही दर शंभरांत सदतीस जणांना झीज होती. म्हणजे केस पांढरे व्हावेत तशी ही गोष्ट आहे. फोटोत दिसलेला गॅप हेच दुखण्याचे कारण आहे असे दर वेळी म्हणता येत नाही. बहुतेकांचे कंबरेचे नवे दुखणे काही आठवड्यांत बरेच कमी होते, आणि सरकलेली गादीसुद्धा अनेकांत आपोआप आक्रसते.

हे मी पुस्तकातूनच शिकले नाही. वॉर्डात पेशंट उचलून उचलून माझी कंबर धरली होती. एका खाजगी डॉक्टरांनी फोटो काढून गादी सरकल्याचे सांगितले आणि तीन आठवडे पडून राहायला लावले. मी नर्स असून ऐकले. तीन आठवड्यांनी उठले तेव्हा पायांत जोर नव्हता, दुखणे वाढलेले होते आणि वाकायची भीती बसली होती. हळूहळू चालायला लागले, व्यायाम केला, तेव्हा कुठे ड्युटीवर गेले. गादी आजही फोटोत तशीच असेल. मी काम करते आहे.

पायाळू, पुडी आणि पिशवी

आपल्या भागात कंबरेत उसण भरली की पायाळू माणूस शोधतात. पायाकडून जन्मलेल्या माणसाने कंबरेला पाय लावला की उसण जाते, असा समज आहे. उसण म्हणजे स्नायूला अचानक बसलेली गाठ. ती दोन-चार दिवसांत आपोआपच सैल पडते. तेवढ्यात कुणी पाय लावलेला असला की श्रेय त्याला. पण कंबरेत हाड मोडलेले असेल किंवा मणक्यात टीबी असेल आणि त्यावर कुणी लाथ मारली, तर माणूस कायमचा अधू होऊ शकतो.

दुसरी गोष्ट पुडीची. बाजाराच्या दिवशी ‘वाताची पुडी’ मिळते. शंभर रुपयांत दहा दिवसांचा आराम. आमच्या वस्तीतल्या एका काकूंनी दीड वर्ष ती खाल्ली. गुडघा थांबला. पण तोंड गोल सुजले, अंगावर काळे-निळे डाग पडू लागले, शुगर वाढली. तपासल्यावर डॉक्टरांना स्टिरॉइडचा संशय आला. अशा अनेक पुड्यांत आणि बिननावाच्या गोळ्यांत स्टिरॉइड मिसळलेले असते. त्याने दुखणे लगेच दबते, पण हाडे ठिसूळ होतात, शुगर-बीपी वाढते, जंतुसंसर्गाशी लढायची ताकद कमी होते. आणखी एक धोका लक्षात ठेवा : बरेच दिवस खाल्लेली अशी पुडी एकदम बंद करू नका. शरीर स्वतःचे स्टिरॉइड तयार करणे विसरलेले असते. एकदम बंद केली तर चक्कर, उलट्या होऊन जिवावर बेतू शकते. पुडी घेऊन सरकारी दवाखान्यात जा, डॉक्टरांना दाखवा आणि त्यांच्या सांगण्याने हळूहळू कमी करा.

दुकानातल्या साध्या वेदनाशामक गोळ्यांचेही असेच. डायक्लोफिनॅकसारखी गोळी चार-पाच दिवस, जेवणानंतर, डॉक्टरांना विचारून घेतली तर चालते. महिनोन् महिने घेतली तर पोटात अल्सर होतो, बीपी वाढते, किडनी खराब होते. ज्यांना आधीच बीपी, शुगर, किडनी किंवा हृदयाचा त्रास आहे त्यांनी मनाने कधीच घेऊ नये.

तिसरी गोष्ट सांगताना मला राग येतो. कंबर दुखते आणि अंगावरून पांढरे जाते, एवढ्यावरून आपल्या मराठवाड्यात हजारो बायांची गर्भपिशवी काढली गेली. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांचा हा प्रश्न राज्यभर गाजला. सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२ हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. हिंगोलीतूनही दरवर्षी कोयते जातात, म्हणून हे आपलेही आहे. मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढणाऱ्या बाईची कंबर मोळीने दुखते. पिशवी काढून ती थांबत नाही. उलट तरुणपणी पिशवीबरोबर बीजकोषही काढले तर पाळी गेल्यावर होणारा हाडांचा ठिसूळपणा लवकर सुरू होतो आणि कंबर आणखी दुखते. कुणी ऑपरेशन सांगितले तर घाई करू नका. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्या, शक्यतो जिल्हा रुग्णालयात.

ही लक्षणे दिसली तर वाट बघू नका

बहुतेक कंबरदुखी धोक्याची नसते असे मी वर लिहिले. पण खालीलपैकी काही असेल तर घरी थांबू नका :

१. लघवी अडकणे, लघवी-संडास कळत नकळत होणे, मांड्यांच्या मधला भाग बधिर होणे. त्याच दिवशी जिल्हा रुग्णालय गाठा. इथे तासांना महत्त्व आहे.

२. पायातला जोर कमी होत जाणे, चप्पल पायातून निसटणे, पाऊल उचलता न येणे.

३. कंबरदुखीबरोबर बारीक ताप, रात्री घाम, वजन घटणे, भूक न लागणे. हा मणक्याचा टीबी असू शकतो. टीबी फक्त छातीत होत नाही.

४. पडल्यानंतर सुरू झालेले जोराचे दुखणे. म्हाताऱ्या माणसात किंवा स्टिरॉइड खाणाऱ्यात साध्या ठेच-धक्क्यानेही मणका दबू शकतो.

५. पूर्वी कॅन्सर झालेला असणे, किंवा रात्री पडल्यावरही अजिबात न थांबणारे दुखणे.

६. हाताच्या बोटांचे, मनगटाचे सांधे दोन्ही बाजूंना सुजणे आणि सकाळी अर्धा-एक तास हात आखडून राहणे. हा आमवात असू शकतो. पहिल्या काही महिन्यांत योग्य औषध सुरू झाले तर बोटे वाकडी होण्यापासून वाचतात. यातले मेथोट्रेक्सेट नावाचे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतले तर जीव जाऊ शकतो. चिठ्ठीवर वार लिहून घ्या.

तिसऱ्या मुद्द्याबद्दल एक अनुभव. ओळखीतल्या एका पंचवीस वर्षांच्या पोराची पाठ चार महिने दुखत होती. मालिश झाली, पायाळू झाला, अंगारा झाला. पाय लटपटायला लागले तेव्हा त्याची आई माझ्याकडे आली. नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात तपासणी झाली, मणक्याचा टीबी निघाला. वर्षाहून जास्त गोळ्या चालल्या. आज तो चालतो, पण पाठीला बाक राहिला आहे. चार महिने आधी आला असता तर तोही राहिला नसता. टीबीची तपासणी आणि औषधे सरकारी दवाखान्यात मोफत आहेत, आणि उपचार चालू असेपर्यंत निक्षय पोषण योजनेतून दरमहा हजार रुपये बँकेत जमा होतात.

घरी काय करायचे?

धोक्याची लक्षणे नसतील तर पहिले दोन दिवस जड काम टाळा, पण अंथरूण धरू नका. घरात फिरत राहा. गरम पाण्याची पिशवी किंवा गरम केलेल्या मिठाची पुरचुंडी पंधरा मिनिटे शेका. शुगर असलेल्यांनी आधी दुसऱ्याच्या हाताला लावून बघावी, कारण त्यांना भाजलेले कळत नाही.

दुखणे थोडे कमी झाले की हे व्यायाम सुरू करा. प्रत्येक पाच वेळा, मग आठवड्याला वाढवत दहा-पंधरा वेळा :

एक, पाठीवर झोपा. एक गुडघा दोन्ही हातांनी छातीकडे घ्या, पाच अंक मोजा, सोडा. मग दुसरा.

दोन, पाठीवर झोपून दोन्ही गुडघे उभे ठेवा. बूड जमिनीवरून उचला, पाच अंक मोजा, हळू खाली आणा.

तीन, हात आणि गुडघ्यांवर या, बाळ रांगते तसे. पाठ वर फुगवा, मग खाली सोडा.

चार, खुर्चीवर किंवा ओट्यावर बसा. एक पाय समोर सरळ करा, मांडी ताठ करा, पाच अंक मोजा. हा गुडघ्यासाठी सगळ्यांत उपयोगी. ‘गुडघ्यातलं ग्रीस संपलं’ म्हणतात. ते बाटलीने भरत नाही, पण मांडीचा स्नायू मजबूत झाला की गुडघ्यावरचा भार तो उचलतो.

पाच, हात न लावता खुर्चीवरून उठा आणि बसा.

थोडे दुखले तरी चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत दुखणे पूर्वीइतके झाले म्हणजे व्यायाम बरोबर आहे. जास्त राहिले तर संख्या कमी करा, पण सोडू नका.

गुडघे झिजलेल्यांनी खाली मांडी घालून बसणे कमी करावे, शौचाला खुर्ची वापरावी, चालताना दुखऱ्या पायाच्या उलट हातात काठी धरावी. काठी म्हातारपणाची खूण नाही; नजर अधू झाली की चष्मा लावतो, तसेच आहे. अंगात वजन जास्त असेल तर पाच किलो उतरले तरी गुडघ्याला फरक कळतो.

शेतात आणि कामावर

“बाई, तुमचे व्यायाम ठीक, पण उद्या निंदायला जायचंय त्याचं काय?” हा प्रश्न मला नेहमी येतो आणि तो खरा आहे. उचलायची पद्धत शिकवली म्हणून कंबरदुखी थांबते असे पुराव्यात दिसत नाही. काम किती, किती वेळ आणि किती घाईने, यावर जास्त अवलंबून असते. आपल्याकडे हळद काढणी आणि सोयाबीन कापणी उक्त्याने होते. जेवढे उरकले तेवढे पैसे, म्हणून कुणी पाठ सरळ करायला थांबत नाही. तरी जमेल तेवढे करूया.

टोळीने मिळून ठरवा : अर्ध्या तासाने एकाच वेळी सगळ्यांनी उठून पाठ मागे ताणायची, दोन मिनिटे. सगळे थांबले की एकटीला कुणी बोलत नाही. शक्य तिथे लांब दांड्याचे खुरपे वापरा. हळदीचे पोते एकट्याने न उचलता दोघांनी उचला, आणि अंगाजवळ धरा. मोठ्या घागरीऐवजी दोन लहान भांडी, दोन्ही हातांत. आणि घरातल्या पुरुषांना एक सांगणे : पाणी भरणे, दळण आणणे ही कामे कंबरेला बाई-पुरुष कळत नाहीत. दिवसभर वाकून आलेल्या बाईने पुन्हा घागर का उचलावी?

विहारात एक तास

डेन्मार्कमध्ये २०१३ पासून गुडघा आणि खुब्याची झीज असलेल्यांसाठी ‘ग्लॅड’ नावाचा वर्ग चालतो. आधी दोन-तीन तास रोगाची माहिती, मग सहा आठवडे आठवड्यातून दोनदा एकत्र व्यायाम. पुढे हार्टविगसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच धर्तीवर कंबरेसाठीही वर्ग तयार केला. त्यात मशीन लागत नाही. लागते ती जागा, चटई आणि शिकवणारा माणूस.

जागा आपल्याकडे आहे. विहार आठवडाभर बरेचदा बंदच असते. चटया आहेत. शिकवायला आशाताई, उपकेंद्रातल्या सिस्टर यांना बोलावता येईल. जिल्हा रुग्णालयातल्या फिजिओथेरपी विभागाला विनंती अर्ज देऊन एकदा मार्गदर्शन मागता येईल. आमच्या वस्तीत आम्ही मंगळवार आणि शुक्रवार ठरवले आहेत. पहिल्या दिवशी चार बाया आल्या आणि लाजून हसत बसल्या. आता अकरा येतात. लेखाच्या सुरुवातीच्या मावशीही येतात. परवा त्या भिंत न धरता उठल्या. ‘गॅप’ भरला का, असे मी विचारले तर म्हणाल्या, “गॅप असू दे तिथंच, मला उठता आलं.”

भिगवणच्या स्वयंसेवकांनी केले तसे आपणही करू शकतो. एक वही घ्या. वस्तीतल्या प्रत्येक घरी जाऊन विचारा : कुणाचे काय दुखते, किती दिवसांपासून, कोणती पुडी-गोळी चालू आहे, आणि वर लिहिलेल्या सहा लक्षणांपैकी काही आहे का? ज्यांना लक्षण आहे त्यांना घेऊन दवाखान्यात जा. एकटी बाई दवाखान्यात गेली की गोळी देऊन परत पाठवतात. चार जणी वही घेऊन गेल्या की ऐकून घेतात. राहिलेल्यांना मंगळवारी विहारात बोलवा.

जयभीम. नमो बुद्धाय.